क्वांटम म्हणजे विश्वाची काटकसर आहे का? (सिम्युलेशनबद्दल एक प्रश्न)

कौलारू

मी पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत आठ वर्षं काम करते आहे. माझं काम गेममधली जागा उभी करण्याचं. घरं, झाडं, पायवाटा, पाणी. गोष्ट आणि पात्रं दुसरे करतात.

गेल्या वर्षी कोकणातल्या एका वाडीची लेव्हल केली. चौदाशे माड, बावीस कौलारू घरं, एक देऊळ, एक विहीर. हे सगळं स्वस्तातल्या फोनवर न अडखळता चालायला हवं होतं. मग जे सगळेच करतात ते आम्हीही केलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत नाही ते काढायचंच नाही. खेळाडूने पाठ फिरवली की घर उरतं ते 'इथे घर आहे' एवढ्या नोंदीपुरतं. चाळीसेक पावलांपलीकडचा माड हा माड नसतोच, कायम तुमच्याकडे तोंड करून उभं असलेलं एक सपाट चित्र असतं. जवळ गेलात की पुढच्या पायरीचा माड येतो, आणखी जवळ गेलात की झावळ्या सुट्या होतात. विहिरीला तर तळच नाही. काठावर कुणी जाणार नाही असं ठरलं होतं, म्हणून आत एक हिरवट पत्रा बसवला आणि पुढे गेलो.

त्याच सुमारास दोन फटींच्या प्रयोगाबद्दल वाचलं. दोन बारीक फटींतून इलेक्ट्रॉन सोडायचे आणि मागच्या पडद्यावर ते कुठे पडतात ते बघायचं. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला हे पाहिलं नाही तर तो लाटेसारखा वागतो, पाहिलं की कणासारखा. माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मला ओळखीचं वाटलं. बघणारा नाही तोवर ढोबळ नोंद, बघितलं की तपशील. आम्ही रोज हेच करतो.

गणपतीत गुहागरजवळच्या आमच्या गावी गेले होते. घरामागे पणजोबांनी खणलेली विहीर आहे. सकाळी पाणी काढताना आत डोकावले. तळाशी जांभ्याचे थर दिसत होते, एका कपारीत नेचा उगवला होता, एक बेडूक होता. आणि मनात आलं, मी डोकावले म्हणून हे आत्ता काढलं गेलं का? दोरी हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही. कामावर नवीन सीन लावताना, रात्री झोपताना, तोच.

प्रश्न सरळ आहे. क्वांटममधलं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या जगाच्या नियमांतलं, 'न पाहिलेलं अनिश्चित असतं' हे खरोखर आमच्या रेंडरिंगच्या (पडद्यावर चित्र काढण्याच्या) युक्तीसारखं आहे का? असेल तर आपण कुणाच्या तरी गणितात राहतो, म्हणजे आपलं जगच संगणकावर चालवलेली नक्कल (सिम्युलेशन) आहे, याचा तो पुरावा धरायचा का? 'असं काही नसतं, सोडून दे' हे उत्तर घरून मिळालं आहे. मला कारण हवं आहे.

अभंगवाचक

भौतिकशास्त्र जाणणारे लिहितीलच. मी एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण असा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात कुणीतरी 'आपल्याकडे हे आधीच सांगितलंय, माया म्हणजेच सिम्युलेशन' असं लिहितं. ते बरोबर नाही. शंकराचार्यांच्या परंपरेतला दोरीवरचा साप घ्या. दिवा आणला की साप जातो आणि दोरी राहते, आणि ती दोरी इथेच असते, आपल्यासमोर. सिम्युलेशनच्या कल्पनेत यंत्र दुसरीकडे, चालवणारा दुसरा, आणि आपण त्याचे आकडे. तिथे कुठलाही दिवा आणून काही उलगडत नाही. ज्ञानेश्वर तर अमृतानुभवाचं सातवं प्रकरण अज्ञानखंडनालाच देतात. जग हे कुणाच्या चुकीतून उपजलेला भास नाही, एकाच चैतन्याचा विलास आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या दोन्ही विचारांना संगणकात कोंबू नये एवढीच विनंती. कौलारूताई, विहिरीचं वर्णन वाचून मात्र थांबलो.

लोलक

कौलारूताई, कराडजवळच्या एका कॉलेजात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवून मी २०१९ साली निवृत्त झालो. दोन फटींचा प्रयोग दरवर्षी स्वतः लावून दाखवायचो. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

'पाहिलं नाही तर लाट, पाहिलं तर कण' हे वाक्य तुम्ही वाचलंत तसंच सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी गळून जाते. पडद्यावर उजळ पट्टे येतात त्यांचं कौतुक सगळे करतात. बघायचं ते काळ्या पट्ट्यांकडे. काळ्या पट्टीवरचं एक ठिकाण घ्या. एकच फट उघडी असताना तिथे इलेक्ट्रॉन येऊन पडत होते. दुसरीही उघडली आणि तिथे येणं बंद झालं. वाट वाढवली आणि पोचणं थांबलं! न पाहिलेल्या दुसऱ्या वाटेने जाऊन पहिल्या वाटेचा हिशेब पुसला. १९८९ साली जपानमध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन जवळजवळ एकेक करून सोडले आणि पडद्यावरचा एकेक ठिपका टिपला. त्यांनी फटींऐवजी विद्युतभारित तारेने दोन वाटा केल्या होत्या. सुरुवातीला ठिपके वाटेल तसे विखुरलेले, आणि हजारो जमल्यावर त्यातून पट्टे. म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना आदळून हे होतं असंही म्हणता येत नाही. प्रत्येकाच्या हिशेबात दोन्ही वाटा असतात.

आता तुमच्या गेमशी ताडून पाहा. चौकटीबाहेरच्या माडाचा चौकटीतल्या चित्रावर काही परिणाम होतो का? नाही, म्हणूनच तर तुम्ही तो वगळू शकता. निसर्गात न पाहिलेली वाट वगळली तर उत्तर चुकतं. ती पूर्ण चालवावी लागते, आणि तीही नुसती 'किती शक्यता' एवढीच नाही, तर अधिक-उणे चिन्हासकट, कारण दोन वाटांची बेरीज होऊन शून्य यायला हवं. कुठली वाट हे पाहिलं की उलट हिशेब सोपा होतो: या वाटेने इतके, त्या वाटेने इतके, साधी बेरीज. तुमच्याकडे न पाहिलेलं स्वस्त आणि पाहिलेलं महाग. इथे न पाहिलेलंच महाग आहे.

'पाहणे' या शब्दाबद्दलही. यात माणूस लागत नाही. व्हिएन्नात आन्टोन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने १९९९ साली कार्बनच्या साठ अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण, म्हणजे वाटा मिसळून पडणारी हीच पट्ट्यांची नक्षी, दाखवलं. पुढे २००४ मध्ये सत्तर अणूंचे रेणू त्यांनी वाटेत लेझरने तापवले. तापलेला रेणू लोखंडासारखा उजेड टाकतो, आणि तो उजेड रेणू कुठे होता याची खूण घेऊन जातो. जसं तापवणं वाढत गेलं तशी नक्षी पुसट होत गेली. तो उजेड कुणी टिपत नव्हतं, कुणी डोळा लावून बसलं नव्हतं. भोवतालात खूण उमटली एवढं पुरलं. तुमच्या विहिरीतला बेडूक हवेचे रेणू, पाणी, उन्हाचा कवडसा यांच्याकडून क्षणोक्षणी असाच 'पाहिला' जात असतो. तुम्ही डोकावायच्या आधीही तो तिथेच होता.

आता खर्चाचा आकडा, कारण तुम्हाला मेमरीची भाषा कळते. इलेक्ट्रॉनचा स्पिन हा गुणधर्म घ्या. मोजला की उत्तर दोनच: वर किंवा खाली. एका स्पिनची अवस्था लिहायला दोन संख्या लागतात. दोन स्पिनना चार, तिघांना आठ. दर स्पिनमागे दुप्पट, कारण प्रत्येक जुळणीला स्वतःची वेगळी संख्या हवी. प्रत्येक संख्येला १६ बाइट धरा. ३० स्पिनना १६ जीबी, म्हणजे चांगला लॅपटॉप भरला. ३१ व्याला ३२ जीबी. ४० स्पिनना १६ हजार जीबी. ५० ना सुमारे १.७ कोटी जीबी. आणि ३०० स्पिनना लागणाऱ्या संख्या एकावर नव्वद शून्यं इतक्या होतात. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू एकावर ऐंशी शून्यं एवढेच धरतात. मिठाच्या एका बारीक कणात साधारण एकावर अठरा शून्यं इतके अणू असतात.

याच भिंतीवर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या परिषदेत बोट ठेवलं. निसर्ग क्वांटम आहे, तेव्हा साध्या संगणकावर त्याची नक्कल करायला जाल तर खर्च आवाक्याबाहेर जाईल. नक्कल करायचीच तर यंत्रही क्वांटमच्या नियमांचं बांधा. क्वांटम संगणकाच्या कल्पनेला त्या भाषणाने मोठा धक्का दिला. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. फोनची बॅटरी वाचवायला निघालेल्या कुणी जग केलं असतं, तर त्याने क्वांटम सोडून दुसरं काहीही निवडलं असतं.

आणि एक काम करा. लाल लेझर पॉइंटर घ्या, त्याच्या तोंडासमोर स्वतःचा एक केस उभा ताणून चिकटवा, तीन मीटरवरच्या भिंतीवर अंधारात उजेड पाडा. लेझर डोळ्यात जाऊ देऊ नका. केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेला उजेड भिंतीवर आडव्या रांगेत उजळ-काळे तुकडे पाडेल. लागोपाठच्या दोन काळ्या जागांमधलं अंतर मोजून लिहा. पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या भिंतीवर तो काळा तुकडा बघणं वेगळं.

कौलारू

लोलक सर, 'चौकटीबाहेरच्या माडाचा परिणाम होतो का' हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठले. आठ वर्षं हे काम करून मला ते सुचलं नव्हतं.

पण एक अडतंय. दोन कण गुंतलेले असले, म्हणजे त्यांची अवस्था एकत्रच लिहावी लागत असली, तर दूर गेल्यावरही मोजताना ते एकमेकांशी जुळणारी उत्तरं देतात, हेही वाचलंय. दोन शक्यता मला दिसतात. एक, उत्तर आधीच बेक करून ठेवलेलं असेल, जसा आम्ही उजेड भिंतीच्या चित्रातच बेक करतो, म्हणजे आधीच हिशेब करून पक्का रंगवून ठेवतो. दुसरी, खेळाडू एक कोल्हापुरात आणि एक दुबईत असला तरी आमच्या सर्व्हरवर दोघांच्या नोंदी शेजारी-शेजारी असतात. तिथे अंतर नावाची गोष्टच नाही. मग हे सिम्युलेशनच्या बाजूने जात नाही का?

लोलक

पहिली शक्यता भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये तपासण्याजोगी केली. खेळाच्या रूपात सांगतो.

दोन खेळाडू, दोन बंद खोल्या. प्रत्येक खोलीत पंच नाणं उडवतो आणि खेळाडू 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. दोन्हीकडे काटा पडला तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी. आत जाण्यापूर्वी हवं ते ठरवून घ्या, आत गेल्यावर बोलणं नाही. कितीही डोकं लढवा, बेक केलेल्या उत्तरांनी १०० पैकी सरासरी ७५ च्या वर जाता येत नाही. दोघंही कायम 'हो' म्हणाले तरी ७५ मिळतातच, आणि त्याहून चांगली युक्ती नाही. गुंतलेले कण सोबत नेले तर मात्र ८५ च्या थोडं वर जाता येतं. २०१५ साली नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट इथे १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधले इलेक्ट्रॉन वापरून, पळवाटा बुजवून, ७५ ची मर्यादा ओलांडलेली दाखवली. अशाच कामाच्या पायाभरणीसाठी अलँ अस्पे, जॉन क्लाउजर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. बेकिंग गेलं.

तुमची दुसरी शक्यता जास्त चांगली आहे, आणि ती मी खोडून टाकू शकत नाही. पण तिच्यापुढे एक प्रश्न ठेवतो. सर्व्हरवर नोंदी शेजारी असतील तर १०० पैकी १०० का नाहीत? १९९४ मध्ये सांडू पोपेस्कू आणि डॅनियल रोअरलिश यांनी दाखवलं की एकमेकांना निरोप न पाठवताही शंभरपर्यंतचं जुळणं तर्काला मान्य आहे. प्रकाशाहून वेगाने निरोप जात नाही हा सापेक्षतेचा नियम त्याने मोडत नाही. तरी निसर्ग थांबतो तो साडेबावीस अंशांच्या कोसाइनच्या वर्गावर, ०.८५३६ वर. ही हद्द बोरिस त्सिरेल्सन यांनी १९८० मध्येच काढली होती. सर्व्हरच्या सोयीतून हा आकडा येत नाही. तो येतो क्वांटमच्या भूमितीतून, त्याच अधिक-उणे चिन्हांच्या हिशेबातून. पंचाऐंशीलाच का, याचा विचार करताना मला आजही झोप लागत नाही असे दिवस येतात, आणि ते दिवस मला आवडतात.

उत्तरध्रुव

मूळचा अकोल्याचा, सध्या जर्मनीत पीएचडी करतो आहे. लोलक सरांच्या एका मुद्द्याला पुरवणी जोडायची आहे, कारण माझं रोजचं काम म्हणजे विश्वाच्या तुकड्याचं सिम्युलेशनच आहे.

आम्ही क्वार्क आणि ग्लुऑन, म्हणजे प्रोटॉनच्या आतले कण, संगणकावर एका जाळीवर मांडतो. जाळीच्या दोन बिंदूंमधलं अंतर प्रोटॉनच्या त्रिज्येच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं, आणि सगळा ठोकळा काही प्रोटॉन मावतील एवढाच. एवढ्यासाठी महासंगणक महिनोन्‌महिने चालतात. म्हणून सरांनी दाखवलेली भिंत मला ठाऊक आहे, मी रोज तिच्यावर आपटतो. पण ती भिंत आपल्या प्रकारच्या संगणकापुढची आहे. बाहेरचं यंत्र स्वतः क्वांटम असेल तर ती राहत नाही. १९९६ मध्ये सेथ लॉइड यांनी दाखवलं की शेजारच्या-शेजारच्या कणांपुरत्याच परस्परक्रिया असतील तर क्वांटम संगणक अशी नक्कल परवडणाऱ्या खर्चात करू शकतो. त्यामुळे फाइनमन यांचा मुद्दा 'काटकसरी यंत्र नाही' एवढंच सांगतो. 'यंत्रच नाही' असं सांगत नाही.

२०१७ साली झोहार रिंगेल आणि दिमित्री कोव्रिझिन यांच्या शोधनिबंधावरून 'आपण सिम्युलेशनमध्ये नाही हे सिद्ध झालं' अशा बातम्या पसरल्या, त्याही याच कारणाने चुकीच्या. निबंध एका ठरावीक गणनपद्धतीत काही क्वांटम पदार्थांसाठी उणे चिन्हं कशी आडवी येतात याबद्दलचा आहे. विश्वाच्या यंत्राबद्दल त्यात निकाल नाही.

कौलारू, तुमच्या युक्तीचा विचार तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ च्या लेखात केला आहे. त्यांचा युक्तिवाद क्वांटमवर उभाच नाही. पृथ्वीच्या पोटातले अणू काढायची गरज नाही, कुणी सूक्ष्मदर्शक लावला की तेवढं भरायचं, असं ते म्हणतात, आणि मानवी इतिहासभरातल्या सगळ्या मेंदूंच्या गणनेला एकावर ३३ ते ३६ शून्यं इतक्या क्रिया पुरतील असा अंदाज देतात. मला यातली 'लावला की भरायचं' ही पायरी फार कच्ची वाटते. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश असलं तरी प्रोटॉनना एकमेकांचा विरोध ओलांडायला तेवढी ऊर्जा पुरत नाही. ते टनेलिंगने, म्हणजे ऊर्जा कमी पडूनही अडथळ्यापार जाण्याच्या क्वांटमच्या वाटेने, आत शिरतात. म्हणजे तुमच्या गावच्या अंगणात पडणारं ऊनच त्या सूक्ष्म हिशेबातून आलेलं. लांबच्या माडासारखं ते सपाट चित्रावर भागवायचं तर उन्हाचा तक्ता आधीच कुणीतरी खऱ्या गणिताने काढून ठेवायला हवा.

जाळीची एक चाचणी मात्र खरोखर सुचवली गेली आहे. सिलास बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज यांनी २०१२ मध्ये विचारलं: विश्व आमच्यासारख्याच चौकोनी जाळीवर असेल तर काय दिसेल? सर्वांत जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) सगळ्या दिशांनी सारखे येणार नाहीत, जाळीच्या अक्षांची खूण त्यांच्यात उमटेल. अर्जेंटिनात पिएर ऑजे वेधशाळेच्या सुमारे १६०० पाण्याच्या टाक्या ३००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत, त्या असेच किरण टिपतात. किरणांच्या मोजलेल्या ऊर्जेवरून बीन आणि सहकाऱ्यांनी काढलेली मर्यादा अशी: जाळी असलीच तर तिचं अंतर एका मीटरला एकावर २७ शून्यांनी भागल्यावर येईल त्याच्या आसपास किंवा त्याहून बारीक हवं. तसंच २००९ मध्ये अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने सातशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवरच्या एका गॅमा-किरण स्फोटातला ३१ जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपला. तो स्फोट सुरू झाल्यापासून सेकंदाच्या आत पोचला होता. अवकाश प्लँक लांबीच्या, म्हणजे भौतिकशास्त्रात सर्वांत लहान मानल्या जाणाऱ्या लांबीच्या, दाण्यांचं असेल आणि त्या दाण्यांमुळे जास्त ऊर्जेचा प्रकाश रेंगाळत असेल, तर त्याला उशीर व्हायला हवा होता. दाणा अजून कुठे सापडलेला नाही.

म्हणून माझं मत: क्वांटम हा सिम्युलेशनचा पुरावा नाही. पण जाळीसारखी एखादी ठोस कल्पना कुणी मांडली तर ती तपासता येते, आणि तपासणं हेच आमचं काम.

कौलारू

काल रात्री दिवे घालवून केसाचा प्रयोग केला. पहिल्यांदा केस वाकडा चिकटला, मग नीट झाला. भिंतीवर लाल तुकड्यांची रांग, आणि मध्ये खरोखर काळं. तीन मीटर अंतर, काळ्या जागा २.४ सेंटीमीटर अंतराने. लेझरवर ६५० नॅनोमीटर लिहिलंय, त्यावरून माझा केस ८१ मायक्रॉन जाड निघाला.

आजी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, माझाही लाव. तिचा पांढरा केस लावला तर तुकडे लांब-लांब गेले, ३.३ सेंटीमीटर. म्हणजे ५९ मायक्रॉन. बारीक केसाचे पट्टे रुंद होतात हे तिला सांगितलं तर तिने स्वतः हाताने लेझर पुढेमागे करून पाहिलं, आणि आईलाही बोलावून तिचाही केस लावायला लावला.

सर, एक राहिलं. मधला उजळ तुकडा बाजूच्या तुकड्यांच्या जवळपास दुप्पट रुंद येतोय, तिन्ही केसांना. माझी मांडणी चुकली की हे असंच असतं?